कुरडया निघाल्या परदेशी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



नाशिकला उन्हाळा दोन गोष्टींवरून कळतो. बाजारातली द्राक्षं संपत येतात आणि गच्च्या भरायला लागतात. पंचवटीत जा, सिडकोत जा, सातपूरला जा. जुन्या साड्यांवर आणि धुतलेल्या धोतरांवर कुरडया, सालपापड्या, सांडगे, नागलीचे पापड उन्हाला बसलेले दिसतात. पूर्वी ही सगळी घरची वर्षभराची बेगमी असायची. आता त्यात एक नवा वाटा निघू लागला आहे. एक डबा घरचा, एक लेकीच्या सासरचा आणि एक ‘तिकडचा’. हे तिकडे म्हणजे कधी न्यू जर्सी, कधी दुबई, कधी मेलबर्न.

वाळवणाचा आणि मसाल्यांचा लहानसा घरगुती उद्योग मी गेली बरीच वर्षं चालवते. आम्ही सहाजणी आहोत, एक गच्ची आहे आणि मसाला कुटायचं एक यंत्र आहे. एप्रिल-मे आला, की परदेशी निघालेले आईवडील आमच्याकडे येतात. कुणाच्या मुलीचं बाळंतपण असतं, कुणाच्या नातवाची मुंज असते, कोणी नुसतं सहा महिने राहायला निघालेलं असतं. पिशवी हातात घेतली, की पहिला प्रश्न येतो, ‘ताई, हे विमानात चालेल ना?’ आणि लगेच दुसरा, ‘तिकडे उतरल्यावर काढून तर घेणार नाहीत?’

ऐकायला हे दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण ते अगदी वेगळे आहेत. पहिला प्रश्न विमानाच्या सुरक्षेचा आहे. तो मुंबईला किंवा दिल्लीला, निघतानाच सुटतो. दुसरा प्रश्न त्या देशाच्या शेतीचा आणि जनावरांचा आहे. तो सुटतो उतरल्यावर. ‘मुंबईला कोणी काही म्हटलं नाही, मग इथे का अडवता?’ असं म्हणून चालत नाही. मुंबईच्या माणसाने फक्त एवढंच पाहिलेलं असतं, की तुमच्या बॅगेमुळे विमानाला धोका नाही. तुमच्या तांदळात किडा आहे की नाही, हे पाहायचं काम त्याचं नव्हे.

आधी विमानाचं पाहू. इथे सगळ्यात जास्त फसतं ते खोबरं. आपल्याकडे निघणाऱ्या माणसाची ओटी भरतात, त्यात खोबऱ्याची वाटी असते. ती ओटी तशीच्या तशी बॅगेत जाते, कारण ओटीतली वस्तू मागे ठेवायची नसते. बॅग यंत्राखालून जाते आणि मग ध्वनिक्षेपकावरून आपलं नाव पुकारलं जातं. खोबऱ्यात तेल भरपूर असतं. दमट, बंद जागेत खोबऱ्याचा ढीग साठला, की ते आतल्या आत तापत जातं आणि बाहेरून ठिणगी न लागताही पेट घेऊ शकतं. म्हणूनच धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुकं खोबरं आपोआप पेटणाऱ्या पदार्थांत मोडतं. मार्च २०२२ मध्ये आपल्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोने ते विमानात सोपवायच्या बॅगेतही बंद केलं. तेव्हा ओटी जरूर भरा, पण खोबऱ्याची वाटी निघण्याआधी घरातच कुणाच्या तरी हाती द्या. देवाला ते चालतं. लाडवात किंवा मसाल्यात भाजून, कुटून गेलेल्या खोबऱ्याची गोष्ट निराळी. तो लाडू झाला, तो मसाला झाला. तरीही शंका असेल, तर तिकीट ज्या कंपनीचं आहे तिला निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

दुसरं, लाल तिखट. हातातल्या पिशवीत ते नेता येत नाही. कारण उघड आहे. मूठभर तिखट कुणाच्या डोळ्यांत गेलं तर काय होईल, हे आपल्याला सांगायला नको. लोणचं पातळ, त्यामुळे त्याचीही हातातल्या सामानात अडचण. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे. ३० जून २०१८ पासून ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे साधारण एका शीतपेयाच्या डब्यात मावेल त्याहून जास्त भुकटी हातात असली, तर तिची वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच ठेवावी लागते. भाजणी, मेतकूट, सत्तूचं पीठ, नाचणीसत्त्व ही सगळी त्यांच्या लेखी भुकटीच. सोपा उपाय असा, की पीठ आणि मसाला खाली जाणाऱ्या मोठ्या बॅगेत ठेवावा आणि हातात फक्त वाटेत खायचा चिवडा घ्यावा. आपला नाशिकचा चिवडा हा प्रवासातला सगळ्यात सज्जन पदार्थ. सांडत नाही, वितळत नाही आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाशी ओळख करून देतो.

आता दुसरा, खरा अवघड प्रश्न. परक्या देशाला आपल्या डब्यातल्या मूठभर धान्याचं एवढं काय पडलं आहे?

एका किड्याची गोष्ट सांगते. त्याचं नाव खपरा. साठवलेल्या धान्यातला हा बारीक, तपकिरी भुंगेरा. त्याच्या अंगावरच्या केसाळ अळीला सगळं जग घाबरतं. गंमत म्हणजे, इंग्रजीतही त्याला खपराच म्हणतात, कारण त्याची ओळख जगाला आपल्या भागातून झाली. ही अळी पोत्याच्या शिवणीत, पेटीच्या फटीत, पुठ्ठ्याच्या घडीत लपते. खायला मिळालं नाही, तर झोपल्यासारखी पडून राहते आणि अशी काही वर्षं काढू शकते. अगदी कोरड्या धान्यावरही ती जगते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गोदामांत हा किडा आढळला. तो हुडकून मारायला १९६६ पर्यंतचा काळ लागला. अख्खी गोदामं झाकून त्यांना विषारी धूर द्यावा लागला. ज्या देशाने हे भोगलं, तो आपल्या पाच किलो तांदळाकडे संशयाने पाहणारच.

इथे आपली एक समजूत तपासून पाहावी लागते. आपल्याला वाटतं, वाळवलं म्हणजे सुरक्षित झालं. आपल्या आज्यांनी ही विद्या बुरशीसाठी शोधून काढली होती. पाणी काढलं, की बुरशी येत नाही, नासत नाही. पावसाळ्याचे चार महिने भाजीविना निघतात. ते अगदी खरं आहे. पण खपऱ्याला कोरडंच आवडतं. म्हणून तपासणाऱ्या माणसाला ‘हे वाळलेलं आहे’ एवढं सांगून पुरत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं, की हे शिजवलं आहे का, भाजलं आहे का, की कच्चंच आहे.

मी आमच्या गिऱ्हाइकांना तीन प्रश्न सांगते. पुडा हातात घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं. पहिला, हे मातीत टाकलं तर उगवेल का? दुसरा, यात किडा अंडी घालून राहू शकेल का? तिसरा, हे जनावरापासून आलं आहे का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर बहुतेक ठिकाणी मार्ग मोकळा असतो. एकाचंही ‘हो’ आलं, तर त्या देशाचा नियम पाहिल्याशिवाय पुडा बॅगेत टाकायचा नाही.

हे प्रश्न लावून पाहा. कुरडई? गहू भिजवला, वाटला, चीक काढला, शिजवला, सोऱ्यातून पाडला, वाळवला. उगवणार नाही, आणि चांगली वाळलेली, हवाबंद असेल तर किडा लागत नाही. नागलीचा पापड? पीठ शिजवून लाटलेला. साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, खानदेशी बिबडे यांचंही तसंच. जवसाची, कारळ्याची चटणी? भाजून कुटलेली. पण आख्खं जवस? उगवेल. अळीव? पाण्यात टाकल्यावर दोन दिवसांत मोड येतील. बाळंतशेपा, ओवा, मेथीचे दाणे? तेही बीच. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आयांना मी म्हणते, अळिवाची पुरचुंडी नेऊ नका, इथेच लाडू करून न्या. बाळंतशेपा आणि ओवा भाजून, मीठ लावून न्या. डिंक तळून लाडवात घाला. तिकडे स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी कढई शोधत बसण्यापेक्षा ते बरंही पडतं.

देशादेशांत फरक आहे, तो थोडक्यात सांगते.

अमेरिकेत तांदूळ नेऊ नका. ज्या देशांत खपरा आहे, तिथून प्रवाशाच्या सामानातून येणारा तांदूळ २०११ पासून तिथे बंद आहे. आणि आपल्यापैकी किती जणांना घोटीचा इंद्रायणी नेण्याचा मोह होतो! ‘तिकडच्या भाताला वासच नाही’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. भाताचा वास खरा, पण तो तांदूळ विमानतळावरच राहणार. ताजा कढीपत्ताही नाही. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला, आणि संत्र्याची झाडं मारणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा वाहक किडा त्याच्या पानांवर राहतो. २००५ मध्ये हा रोग फ्लोरिडात आढळला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची अक्षरशः वाताहत झाली. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला विचारा, त्याला ह्या रोगाचं नाव माहीत असतं.

ऑस्ट्रेलिया याहून कडक. खपऱ्याच्याच भीतीने १५ ऑक्टोबर २०२० पासून त्यांनी प्रवाशांच्या सामानातल्या धान्य-मसाल्यांची एक यादी बंद केली. तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, सोयाबीन, शेंगदाणे. आणि पुढे धणे, जिरे, बडीशेप, सुक्या लाल मिरच्या. यादी वाचताना वाटतं, आपल्या मिसळणाचा डबाच कुणीतरी समोर उघडून लिहिली. कारखान्यात भाजून, तळून, शिजवून बंद केलेल्या मालाला त्यात सवलत आहे; घरच्या पुरचुंडीला नाही. दुधाच्या मिठाईलाही तिथे अडचण येते. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेलं सफरचंददेखील ४०० डॉलरला पडतं, तेही त्यांचे डॉलर, आणि जागच्या जागी.

ब्रिटन आणि युरोपातले देश तिसऱ्या प्रश्नावर अडतात. भारतातून आलेलं मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतून तिथे चालत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही, घरचं साजूक तूपही नाही. यामागे लाळ-खुरकुत आहे. हा रोग आपल्याकडच्या गोठ्यात अधूनमधून येतो आणि जातो. शेतकरी लस टोचतो, हळद लावतो, गाय वाचते. ब्रिटनमध्ये २००१ साली ही साथ आली, तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. बाहेरून आलेल्या मांसाचं खरकटं डुकरांना घातलं गेलं आणि तिथून सुरुवात झाली, असं मानलं जातं. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारस बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या. त्या लगेच नष्ट केल्या. बातमी वाचून आपण हसलो, पण कारण हेच होतं. होमासाठी कुणीतरी श्रद्धेने नेलेली गोवरी त्यांच्या लेखी रोगाचा वाहक होती.

आणि आखात. इथे मी आवाज जरा चढवूनच बोलते, कारण हे प्रकरण दंडावर भागत नाही. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया अशा देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते. आपल्याकडे ती अनारशावर लावतात, गोड्या आणि काळ्या मसाल्यात घालतात, तान्ह्या बाळाच्या आईला खिरीत देतात. आपल्याला ती अफूच्या बोंडातली आहे हे माहीत असतं, पण मनात येत नाही. त्यांचा कायदा मनाकडे पाहत नाही. पहिल्यांदा नोकरीला निघालेला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, त्याच्या बॅगेत आईने दिवाळीचे अनारसे ठेवलेले, आणि तो तिथल्या पोलिसांना समजावतो आहे, की ही आमच्या सणाची खाऊ आहे. ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून आखातात जाणाऱ्यांसाठी आम्ही मसाला खसखशीशिवाय, वेगळ्या दिवशी, यंत्र धुऊन कुटतो. तुम्ही घरी करत असाल, तरी तेवढं पाळा. चव थोडी उणी पडेल. पोर घरी सुखरूप पोचेल.

एवढं ऐकून काही जण म्हणतील, नकोच ती कटकट; काहीच न्यायला नको. काही जण याच्या उलट करतात. ते सगळं नेतात आणि विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. माझ्या मते ही दुसरी गोष्ट जास्त घातक आहे.

आमच्या ओळखीतले एक काका, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात एक रुपया इकडचा तिकडे केला नाही असा माणूस. अमेरिकेत मुलाकडे निघाले. विमानात शेजारच्या प्रवाशाने त्यांना सल्ला दिला, ‘खाण्याचं काही आहे म्हणून सांगू नका, विनाकारण तासभर अडकवतात.’ काकांनी फॉर्मवर ‘नाही’वर खूण केली. बॅग उघडली गेली. वर मेतकूट, पापड आणि खाली तीन किलो तांदूळ. तांदूळ गेला, आणि ३०० डॉलर दंड झाला. तांदळाचं किंवा पैशाचं त्यांना फारसं वाटलं नाही. मुलगा बाहेर वाट पाहत होता, त्याला बापाने दंडाची पावती दाखवायची, याचं वाटलं. परत आल्यावर मला म्हणाले, ‘पापड आणि मेतकूट त्यांनी परत दिलं हो. म्हणजे मी खोटं बोललो ते कशासाठी?’

हा प्रश्न मी पुढे अनेकांना सांगितला आहे. अमेरिकेचा नियम असा, की खाण्याचं काहीही असलं तरी ते सांगायचं. कागदी फॉर्म असेल तर अकराव्या प्रश्नात. आता बऱ्याच विमानतळांवर फॉर्म नसतो, तिथे तोंडी. सांगितलं आणि वस्तू चालणारी नसली, तर ती काढून घेतात आणि तुम्हाला जाऊ देतात. दंड होतो तो न सांगितल्याबद्दल. १०,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे सांगण्यात गेला तर एक पुडा जातो, लपवण्यात अब्रू जाते. आपल्या भाषेत यासाठी म्हण तयारच आहे : ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

मी स्वतः लेकीकडे गेले, तेव्हा ‘हो’वर खूण केली. बाजूच्या रांगेत उभं केलं. पोटात गोळा आला, हे कबूल करते, कारण माझं इंग्रजी बेताचं. पण मी एक कागद बरोबर नेला होता. त्यावर प्रत्येक पदार्थाचं नाव, तो कशाचा केला आणि कसा केला, हे साध्या इंग्रजीत लेकीच्या मैत्रिणीकडून टंकून घेतलं होतं. कुरडई, गव्हाची, उकडून वाळवलेली. सांडगी मिरची, मीठ-मसाला भरून वाळवलेली. आमसूल, कोकमाची साल, मीठ लावून वाळवलेली. तिथली बाई कागद वाचत एकेक पुडा उचलत होती. सांडग्या मिरच्यांची पिशवी तिने फिरवून फिरवून पाहिली आणि बाजूला ठेवली. ती गेली असं मी मनात म्हटलं, तर पुन्हा उचलून मला दिली. कुरडईचा पुडा हातात घेऊन तिने विचारलं, हे असंच खातात का? मी हाताने दाखवलं : तेलात टाकायची, की फुलते. एवढी मोठी होते. ती हसली आणि बॅग बंद करायला मला मदत केली. वीस मिनिटं लागली. लपवून नेलं असतं, तर ती वीस मिनिटं मी पट्ट्याजवळ उभी राहून घामाघूम झाले असते. कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण मला त्या दिवशी पुरती कळली.

श्रोतेहो, हे नियम परक्यांचे म्हणून आपल्याला जाचक वाटतात. पण आपण नाशिककर आहोत. दाराशी चौकीदार असण्याची किंमत आपल्याइतकी कुणाला कळायला हवी? द्राक्षाच्या बागेत केवडा आला, की निफाड-दिंडोरीचा शेतकरी रात्रभर झोपत नाही. हा केवडा मूळचा आपल्याकडचा नाही. अमेरिकेतून तो युरोपात आणि पुढे जगभर पसरला. त्याच खंडातून गेलेल्या एका सूक्ष्म किड्याने, फिलॉक्सेराने, एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे द्राक्षमळे उजाड केले. आपल्या माळावर, रेल्वेच्या कडेला, शाळेच्या मैदानावर जिथे तिथे दिसणारं गाजरगवत १९५५च्या सुमारास पहिल्यांदा पुण्यात नोंदलं गेलं. ते आयात केलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं, असं सांगतात. एक मूठ बी आलं असेल. सत्तर वर्षं झाली, आपण अजून ते उपटतो आहोत आणि अंगाला खाज सुटते म्हणून डॉक्टरकडे जातो आहोत. आपल्याकडेही त्यामुळे बी-बियाणं, रोपं बाहेरून आणायला कायदा आहे. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहे. परत येताना मुलाच्या अंगणातलं गुलाबाचं कलम किंवा भोपळ्याचं बी पर्समध्ये टाकून आणणाऱ्या मावशींनीही हे लक्षात ठेवावं.

आणि नियम पाळला, की दार उघडतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आपला आंबा अमेरिकेत सुमारे १८ वर्षं बंद होता. कारण पुन्हा कीडच. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये एक विकिरण केंद्र उभारलं होतं, कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून. ‘कृषक’ त्याचं नाव. २००७ मध्ये अमेरिकेच्या तपासनिसांनी ते केंद्र पाहिलं, मान्यता दिली, आणि त्या एप्रिलमध्ये हापूस-केसरच्या पेट्या लासलगावहून विकिरण होऊन अमेरिकेला गेल्या. कोकणच्या आंब्याला अमेरिकेचं दार उघडलं ते नाशिकच्या कांद्याच्या गावाने! याच्या उलटही घडलं आहे. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा आणि सोबत वांगी, कारली, पडवळ, अळू बंद केलं. आलेल्या मालात फळमाशी सापडत होती. सुधारणा झाल्यावर, २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. मधल्या एका हंगामाचं नुकसान कुणी सोसलं? ज्याच्या मालात माशी नव्हती, त्यानेही. आपल्या बॅगेतलं कीड लागलेलं पाच किलो धान्य ही आपली खासगी बाब राहत नाही. त्याची नोंद ‘भारतातून आलेलं’ अशी होते. उद्या कंटेनर पाठवणाऱ्या शेतकऱ्याचं आणि आपलं नाव एकाच वहीत असतं.

शेवटी थोडं कामाचं. वाळवण निघण्याआधी पुन्हा एकदा कडक उन्हात टाका आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं तर आत वाफ धरते. वर्तमानपत्रात किंवा जुन्या पोत्याच्या कापडात बांधू नका. नवी, जाड, पारदर्शक पिशवी घ्या, म्हणजे उघडल्याशिवाय आत काय आहे ते दिसतं. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहा. सगळ्या खाण्याच्या पिशव्या एकाच बॅगेत, वरच्या बाजूला ठेवा. तपासणाऱ्याला साडीच्या घड्यांतून सांडगे शोधायला लावलं, की त्याचाही संशय वाढतो. मसाल्याला दोन पिशव्या आणि वर डबा, नाहीतर उतरल्यावर सगळ्या कपड्यांना हिंगाचा वास. जे तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं, त्यात वजन घालवू नका. डाळ, तांदूळ, पोहे, रवा आज बहुतेक मोठ्या शहरांत मिळतो. तेवीस किलोंची बॅग ही तुमच्या हातच्या गोष्टींसाठी ठेवा. आणि नियम बदलत असतात, म्हणून शेजारच्या काकूंनी मागच्या वर्षी काय नेलं यावर जाऊ नका. मुलाला किंवा नातीला सांगा, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहून दे म्हणून. पाच मिनिटांचं काम असतं.

या उद्योगात एक गोष्ट मी पाहिली आहे. डबा घेऊन गेलेली माणसं परत आल्यावर, किती पदार्थ पोचले ते सांगत नाहीत. त्यांना सांगायचं असतं, की नातवाने पहिल्यांदा कुरडई फुलताना पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. सुनेने वरणाला फोडणी दिली आणि शेजारची माणसं वासाने दारात आली. परदेशातल्या घराला आपलं घर करायला एवढं थोडंसं पुरतं. ते न्यावंच. मोजकं, स्वच्छ, शिजवलेलं-भाजलेलं न्यावं, आणि विचारतील तिथे मान वर करून सांगावं, की हे आमच्या घरचं आहे, उन्हात वाळवलेलं आहे, आणि यात काय आहे ते या कागदावर लिहिलेलं आहे.